नाव बदललेल्या शहरातील फाइली : विपणन विभाग आणि क्लाउड साठवण

औरंगाबाद शहराचे नामांतर एका दिवसात झाले नाही. २९ जून २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने ‘संभाजीनगर’ हे नाव मंजूर केले, १६ जुलै रोजी नव्या सरकारने त्याला ‘छत्रपती’ हा शब्द जोडला, केंद्राची संमती २४ फेब्रुवारी २०२३ रोजी मिळाली, जिल्हा, महसुली विभाग आणि तालुका यांची नावे त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बदलली आणि रेल्वे स्थानकाचे नाव बदलण्यास २०२५ चा ऑक्टोबर उजाडला. या प्रक्रियेच्या राजकीय आणि न्यायालयीन बाजूंची चर्चा पुष्कळ झाली. परंतु चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा येथील कारखान्यांच्या विपणन विभागांपुढे, म्हणजे रूढ भाषेत मार्केटिंगच्या माणसांपुढे, या काळात जे काम येऊन पडले ते फारसे चर्चेत आले नाही. खरे तर क्लाउड साठवणीचे साधन निवडताना कोणते निकष लावावेत हे समजून घेण्यासाठी याहून चांगले उदाहरण मराठवाड्यात सापडणे कठीण आहे.

कारखान्याचा पत्ता माहितीपत्रकावर असतो, व्हिजिटिंग कार्डावर असतो, दरपत्रकाच्या तळटीपेत असतो, प्रदर्शनातील स्टॉलच्या फलकावर असतो, वितरकाच्या दुकानावरील पाटीवर असतो आणि कंपनीची ओळख करून देणाऱ्या चित्रफितीच्या अखेरच्या चौकटीतही असतो. वेष्टनात बंद केलेल्या मालावर उत्पादकाचे नाव आणि पूर्ण पत्ता छापणे वैधमापन शास्त्राच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार बंधनकारक असल्यामुळे खोके, पिशव्या आणि लेबले यांच्या फाइलीही त्यात आल्या. रोमन लिपीत दहा अक्षरांचे असलेले नाव चोवीस अक्षरांचे झाल्याने केवळ शब्द बदलून भागत नव्हते, तर कार्डावरील ओळ फुटत होती आणि लेबलाची मांडणी नव्याने करावी लागत होती. त्यातच उस्मानाबादचे धाराशिव झाल्यामुळे वितरकांच्या याद्याही तपासाव्या लागल्या. (हे शहर नामांतराला नवखे नाही: मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीचे पुढे फतेहनगर आणि नंतर औरंगाबाद झाले, पण त्या काळी बहुरंगी माहितीपत्रके नव्हती.) अशा वेळी विभागप्रमुखाला पडणारा पहिला प्रश्न नव्या नावाचा नसतो, तर जुने नाव कोणकोणत्या फाइलींत आहे, त्या फाइली कोठे आहेत आणि त्यांपैकी शेवटची मंजूर प्रत कोणती, हा असतो. या प्रश्नाचे उत्तर किती गिगाबाइट जागा विकत घेतली आहे यावरून मिळत नाही. साधन निवडताना मात्र बहुतेक ठिकाणी सर्वप्रथम जागेचीच तुलना होते, आणि निवड चुकण्याचे मूळ बहुधा तेथेच असते.

क्लाउड साठवण म्हणजे स्वतःच्या संगणकाऐवजी सेवादार कंपनीच्या डेटा सेंटरमधील सर्व्हरवर, इंटरनेटच्या मार्गाने, फाइली ठेवण्याची सोय. ही डेटा सेंटरे परदेशातच असतात ही समजूत आता जुनी झाली आहे. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई येथून आपली क्लाउड सेवा सुरू केली, ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गुगलने २०१७ मध्ये मुंबईत आपापली केंद्रे उघडली. सामान्य वापरातील साधनेही फार जुनी नाहीत: ड्रॉपबॉक्स कंपनी २००७ मध्ये स्थापन झाली, गुगल ड्राइव्ह एप्रिल २०१२ मध्ये आले, मायक्रोसॉफ्टचे स्कायड्राइव्ह एका ब्रिटिश दूरचित्रवाणी कंपनीशी झालेल्या नावाच्या वादानंतर २०१४ मध्ये वनड्राइव्ह झाले, आणि चेन्नईच्या झोहो कंपनीचे वर्कड्राइव्ह हा भारतीय पर्याय त्यानंतर उपलब्ध झाला. या साधनांची जाहिरात एकाच भाषेत होत असली तरी त्यांच्याकडून अपेक्षित असलेली कामे वेगवेगळी आहेत. अनेकांनी एकाच चालू फाइलीवर काम करणे, तयार फाइल बाहेरच्या माणसाला पोहोचवणे, संपलेल्या मोहिमेचे साहित्य जपून ठेवणे आणि अपघातात नष्ट झालेली फाइल परत मिळवणे या चार कामांपैकी प्रत्येक काम प्रत्येक साधन सारख्याच कुशलतेने करत नाही, आणि पहिले दोन उत्तम करणारे साधन चौथे करतेच असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

प्रत्यक्षात छोट्या आणि मध्यम कारखान्यांत यातली बहुतेक कामे व्हॉट्सॲपवर होतात. डिझायनर नमुना ग्रुपवर टाकतो, मालक त्यावर अंगठ्याची खूण टाकून होकार देतो, छापखान्याला तीच प्रतिमा पुढे ढकलली जाते आणि फ्लेक्स छापून आल्यावर छायाचित्र फाटल्यासारखे का दिसते यावर वाद होतो. कारण साधे आहे: व्हॉट्सॲपवर छायाचित्र म्हणून पाठवलेली प्रतिमा आकुंचित होते, म्हणजे तिच्यातील तपशील कमी करून ती हलकी केली जाते, आणि मोबाइलच्या पडद्यावर न जाणवणारी ही घट दहा फुटी फलकावर उघडी पडते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलेली फाइल जशीच्या तशी जाते आणि २०२२ पासून तिची मर्यादा १०० मेगाबाइटांवरून २ गिगाबाइटांपर्यंत वाढली आहे, त्यामुळे पोहोचवण्याचे काम तेथे होऊ शकते. पण साठवण मात्र होत नाही. ग्रुपमधील दुरुस्त्यांच्या दोनशे संदेशांमध्ये मंजूर प्रत कोणती याची खूण नसते, फाइल ज्याच्या त्याच्या फोनमध्ये जाऊन बसते आणि काही काळाने न उतरवलेली फाइल पुन्हा मागवावी लागते. ‘फायनल’, ‘न्यू फायनल’ आणि ‘फायनल ओके’ ही नावे एकाच माहितीपत्रकाच्या तीन प्रतींना पडली की त्यांतील सर्वांत जुनी प्रत छापली जाण्याची शक्यता बरीच वाढते.

ॲमस्टरडॅमच्या वीट्रान्सफरसारख्या सेवा केवळ पोहोचवण्यासाठी आहेत. मोठी फाइल चढवावी, लिंक पाठवावी आणि ठरावीक मुदतीनंतर फाइल आपोआप पुसली जावी, एवढेच त्यांचे काम. डिझायनर आणि छापखाना यांच्यात ही सेवा लोकप्रिय होती, पण मे २०२० मध्ये, टाळेबंदीच्या ऐन काळात, दूरसंचार विभागाच्या आदेशाने ती भारतात अडवली गेली आणि ज्यांचे सगळे दळणवळण तिच्यावर चालले होते त्यांना एका दिवसात दुसरी वाट शोधावी लागली. एखादी सेवा चांगली की वाईट यापेक्षा ती बंद पडली तर काम कशाने चालेल, हा प्रश्न आधी विचारणे किती आवश्यक आहे हे त्यावरून दिसून आले.

‘सिंक’ आणि ‘बॅकअप’ या दोन गोष्टींतील फरक नीट लक्षात न आल्यामुळे होणारे नुकसान याहून गंभीर असते. सिंक म्हणजे एका संगणकावर केलेला बदल जोडलेल्या इतर सर्व संगणकांवर आणि क्लाउडवर तत्काळ उमटणे. या सोयीमुळे पुण्यातील डिझायनरने केलेली दुरुस्ती वाळूजमध्ये लगेच दिसते. पण त्याच न्यायाने कोणी फोल्डर पुसले तर तेही सगळीकडून पुसले जाते. पुसलेली फाइल कचरापेटीत मर्यादित काळच राहते; गुगल ड्राइव्हमध्ये ३० दिवस आणि मायक्रोसॉफ्टच्या व्यावसायिक वनड्राइव्हमध्ये साधारण ९३ दिवस. दिवाळीच्या मोहिमेची फाइल नोव्हेंबरात पुसली गेली आणि पुढच्या सप्टेंबरात तिची आठवण झाली, तर या मुदतींचा उपयोग नसतो. बॅकअप म्हणजे मूळ फाइलीशी असे जिवंत नाते नसलेली, स्वतंत्रपणे ठेवलेली प्रत. दक्षिण कोरियात २६ सप्टेंबर २०२५ रोजी डेजॉन येथील सरकारी डेटा सेंटरला लागलेल्या आगीत ‘जी-ड्राइव्ह’ ही शासकीय कर्मचाऱ्यांसाठी असलेली साठवण व्यवस्था जळाली आणि ८५८ टेराबाइट माहिती गेली, कारण तिची दुसरी प्रत अन्यत्र नव्हती. तंत्रज्ञानात अग्रेसर असलेल्या देशाच्या सरकारकडून जे घडू शकते ते कारखान्याच्या कचेरीत घडणार नाही असे मानण्यास आधार नाही. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी मांडलेला ‘तीन-दोन-एक’ हा नियम येथे उपयोगी पडतो: फाइलीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि एक तरी दुसऱ्या जागी असावी. हा नियम संगणकतज्ज्ञाने नव्हे, तर छायाचित्रांचा संग्रह सांभाळणाऱ्याने रूढ केला हे विपणन विभागाने लक्षात घेण्याजोगे आहे. क्लाउडवर एक प्रत, कचेरीतील हार्ड डिस्कवर दुसरी आणि मालकाच्या घरी किंवा दुसऱ्या कारखान्यात महिन्यातून एकदा अद्ययावत होणारी तिसरी, एवढी व्यवस्था दहा माणसांच्या कंपनीलाही परवडते.

सगळ्यांत कळीचा मुद्दा मालकीचा आहे, आणि साधनांच्या तुलनेत नेमका तोच मागे पडतो. अनेक कंपन्यांचे विपणन साहित्य कोणा कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक जीमेल खात्यातील ड्राइव्हमध्ये असते, कारण त्या खात्यात १५ गिगाबाइट जागा विनामूल्य मिळते आणि सुरुवात करताना कोणाला विचारावे लागत नाही. पण त्या फाइलींची मालकी तांत्रिकदृष्ट्या त्या खात्याची असते. इतरांना दिलेली असते ती केवळ पाहण्याची वा बदलण्याची परवानगी. तो कर्मचारी नोकरी सोडून गेला, त्याने फोल्डर पुसले किंवा खाते बंद केले, तर कंपनीच्या हाती फक्त न उघडणारी लिंक राहते. शिवाय १५ गिगाबाइटांची ती जागा त्याच्या मेलमध्ये आणि फोनवरील छायाचित्रांमध्येही वाटलेली असते, आणि दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसण्याचे धोरण गुगलने २०२३ पासून अमलात आणले आहे. व्यावसायिक योजनांमध्ये यावर उपाय असतो: गुगलमध्ये ‘शेअर्ड ड्राइव्ह’, मायक्रोसॉफ्टमध्ये ‘शेअरपॉइंट’, झोहोमध्ये ‘टीम फोल्डर’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या जागेत ठेवलेली फाइल व्यक्तीची नसून संस्थेची असते, आणि ती तयार करणारा गेला तरी फाइल जागेवर राहते. केवळ या एका सोयीसाठी विनामूल्य खाते सोडून सशुल्क योजना घेणे योग्य ठरते. त्यापुढची वाढीव जागा हा जोडलाभ मानावा.

मालकीचा दुसरा पदर तंत्राचा नसून कायद्याचा आहे. छपाईच्या व्यवसायात ‘ओपन फाइल’ म्हणून ओळखली जाणारी, म्हणजे जिच्यातील मजकूर, चित्रे आणि थर सुटे करून बदलता येतात अशी मूळ फाइल, बाहेरचा डिझायनर सहसा देत नाही. तो पीडीएफ किंवा जेपीजी देतो. पत्त्यातील एक शब्द बदलायचा झाला तरी पीडीएफमध्ये तो सहजी बदलत नाही आणि त्यासाठी पुन्हा त्याच डिझायनरकडे जावे लागते, मग तो तोपर्यंत मुंबईला गेलेला असो वा त्याने दर दुप्पट केलेला असो. यात डिझायनरची लबाडी असतेच असे नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार नोकरीत असलेल्या कर्मचाऱ्याने केलेल्या कामाचा पहिला मालक नियोक्ता असतो आणि मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते काढवून घेणारा असतो. पण स्वतंत्रपणे काम करणाऱ्या डिझायनरने केलेल्या रेखाटनाला आणि मांडणीला ही सवलत सरसकट लागू होत नाही, म्हणून तेथे हक्क लेखी हस्तांतरित करून घ्यावे लागतात. कलम १९ नुसार त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरताच धरला जातो; निर्यात करणाऱ्या कारखान्याला हा तपशील महागात पडू शकतो. कामाच्या आदेशातच ओपन फाइल, वापरलेले फाँट आणि छायाचित्रांचे परवाने कंपनीच्या सामायिक फोल्डरमध्ये चढवल्यावर शेवटचा हप्ता दिला जाईल असे कलम घातले, तर साठवणीचे साधन आणि करार एकमेकांना पूरक ठरतात. साधन कितीही उत्तम असले तरी जी फाइल कंपनीकडे आलीच नाही ती कोणतेही साधन शोधून देऊ शकत नाही.

मराठी मजकुराच्या फाइलींची अडचण मात्र इंग्रजी मार्गदर्शकांत सापडत नाही. महाराष्ट्रातील डीटीपीचे काम अनेक वर्षे श्री-लिपीसारख्या प्रणालींवर आणि कोरलड्रॉमध्ये झाले, आणि त्यांतील जुने फाँट युनिकोडपूर्व पद्धतीचे आहेत. युनिकोड म्हणजे जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. जुन्या फाँटांत मात्र रोमन अक्षरांच्याच क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेले असतात. त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मराठीऐवजी निरर्थक रोमन चिन्हे दिसतात, म्हणून छापखान्याला पाठवण्यापूर्वी डिझायनर मजकुराचे ‘कर्व्ह’ करतो, म्हणजे अक्षरांचे रूपांतर केवळ रेषांच्या आकारात करतो. छपाई बिनचूक होते, पण त्या फाइलीत आता मजकूर उरलेला नसतो. शोधयंत्राला ‘औरंगाबाद’ हा शब्द शोधायला सांगितला, तर युनिकोडमधील वर्ड आणि पीडीएफ फाइली लगेच समोर येतात, प्रतिमेतील ठळक अक्षरेही काही वेळा ओळखली जातात. पण जुन्या फाँटातील आणि कर्व्ह केलेल्या कोरलच्या फाइली शोधयंत्राच्या दृष्टीने मुक्याच राहतात. यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही: प्रत्येक कामाची कर्व्ह न केलेली ओपन फाइल आणि कर्व्ह केलेली छपाईची फाइल अशा दोन प्रती ठेवाव्यात, नवे काम युनिकोडमध्ये करावे आणि फाइलीच्या नावातच वर्ष, उत्पादन, भाषा आणि आवृत्ती क्रमांक एका ठरलेल्या क्रमाने लिहावा. मुंबईच्या एक टाइप संस्थेच्या ‘मुक्ता’सारखे मुक्त परवान्याचे देवनागरी फाँट वापरले तर ते फाँट सामायिक फोल्डरमध्ये ठेवून डिझायनर, छापखाना आणि वितरक अशा सर्वांना बिनदिक्कत देता येतात, विकत घेतलेल्या फाँटांबाबत तसे करणे परवान्याचा भंग ठरू शकते.

आवृत्ती सांभाळण्याची सोय प्रत्येक साधनात असते, पण ती कशी चालते हे विकत घेण्यापूर्वी करून पाहावे. एकाच फाइलीच्या जागी नवी आवृत्ती चढवली तरी तिची लिंक तीच राहते का, आणि जुनी आवृत्ती किती दिवस मागे जाऊन पाहता येते, हे दोन मुद्दे महत्त्वाचे आहेत. गुगल ड्राइव्हमध्ये पीडीएफसारख्या फाइलीच्या जुन्या आवृत्त्या साधारणपणे ३० दिवस किंवा शंभर आवृत्त्या होईपर्यंत टिकतात, एखादी आवृत्ती कायम ठेवायची असल्यास तशी खूण करावी लागते. ड्रॉपबॉक्सच्या व्यावसायिक योजनांत ही मुदत योजनेनुसार १८० दिवस किंवा त्याहून अधिक असते. लिंक न बदलण्याचे महत्त्व क्यूआर कोड छापणाऱ्यांना विशेष आहे. खोक्यावर छापलेला कोड माहितीपत्रकाच्या लिंककडे नेत असेल आणि नव्या माहितीपत्रकाला नवी लिंक मिळाली, तर बाजारात गेलेली हजारो खोकी जुना पत्ताच दाखवत राहतील. म्हणून कोड थेट ड्राइव्हच्या लिंकवर न नेता कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील पत्त्यावर न्यावा आणि तेथून फाइलीकडे वळवावा. असे केले तर पुढे साठवणीचे साधन बदलले तरी छापलेला कोड निकामी होत नाही.

इंटरनेटच्या वेगाबाबत जाहिरातीत जो आकडा दिसतो तो बहुधा उतरवण्याचा असतो, तर चित्रफिती बनवणाऱ्यांना गरज चढवण्याच्या वेगाची असते. कारखान्याच्या ड्रोन चित्रीकरणाचे ४० गिगाबाइट मूळ साहित्य २० मेगाबिट वेगाने चढवायला सुमारे साडेचार तास लागतात, १०० मेगाबिट वेगाने एक तासाच्या आत काम होते. मोठ्या फाइलीत लहान बदल झाल्यावर सगळी फाइल पुन्हा न चढवता बदललेला तुकडाच चढवण्याची पद्धत ड्रॉपबॉक्सने सुरुवातीपासून वापरली. ती फाइलीचे चार मेगाबाइटांचे तुकडे पाडते. आज ही सोय वनड्राइव्हमध्येही आहे, आणि जड फोटोशॉप फाइलींवर दिवसभर काम करणाऱ्या विभागाने चाचणी काळात ती अवश्य तपासावी. याच्या उलट बाजूची एक सावधगिरी प्रदर्शनात जाणाऱ्यांसाठी आहे. आजची साधने संगणकाची जागा वाचवण्यासाठी फाइलीचे केवळ नाव दाखवतात आणि खरी फाइल उघडताना क्लाउडवरून आणतात. शेंद्रा येथे जानेवारी २०२४ मध्ये भरलेल्या ॲडव्हान्टेज महाराष्ट्र एक्स्पोसारख्या गर्दीच्या ठिकाणी मोबाइलचे जाळे अपुरे पडले, तर समोर दिसणारी चित्रफीत उघडत नाही. अशा फाइली ‘ऑफलाइन उपलब्ध’ करून ठेवण्याचे बटण निघण्यापूर्वी दाबावे.

लिंक देण्याच्या पद्धतीवर सुरक्षितता अवलंबून असते. ‘लिंक असलेला कोणीही’ ही परवानगी सोपी असल्यामुळे सर्वत्र दिली जाते, आणि माहितीपत्रकासाठी ती योग्यही आहे, कारण ते जितके पसरेल तितके बरे. पण विपणन विभागाकडे फक्त माहितीपत्रके नसतात; ग्राहकांची नावे आणि मोबाइल क्रमांक असलेल्या याद्या, वितरकांचे दर, बाजारात न आलेल्या उत्पादनाची छायाचित्रे आणि वाहन कंपन्यांसाठी बनवलेल्या सुट्या भागांची गोपनीय चित्रेही असतात. युरोपीय, विशेषतः जर्मन वाहन कंपन्या आपल्या पुरवठादारांकडून माहितीच्या सुरक्षिततेसाठी टायसॅक्स हे मूल्यांकन मागतात, आणि स्कोडाचा कारखाना असलेल्या शेंद्रा परिसरात हा विषय दूरचा नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू होणार असल्या तरी कायद्याचा रोख स्पष्ट आहे. माहिती कशासाठी वापरायची हे ठरवणारी कंपनीच तिच्या रक्षणास उत्तरदायी असते, साठवण दुसऱ्याच्या सर्व्हरवर असली तरीही, आणि वाजवी काळजी न घेतल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. म्हणून ग्राहकांच्या याद्या जाहिरातीच्या साहित्यापासून वेगळ्या जागी, नावानिशी परवानगी देऊन आणि द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डखेरीज आणखी एक खातरजमा, अनिवार्य करून ठेवाव्यात. २०१२ मध्ये ड्रॉपबॉक्सच्या सुमारे ६ कोटी ८० लाख खात्यांचे तपशील बाहेर गेले, तेव्हा त्याचे मूळ एका कर्मचाऱ्याने दुसऱ्या संकेतस्थळावरचाच पासवर्ड कामाच्या खात्यावर वापरण्यात होते. कुलूप महाग असले तरी किल्ली सगळीकडे एकच ठेवली की त्याचा उपयोग नसतो.

खर्चाचा हिशेब या सेवांमध्ये माणशी दरमहा होतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, त्यामुळे खाते कोणाला द्यायचे याचा विचार आधी करावा. गुगलच्या मधल्या व्यावसायिक योजनेत माणशी २ टेराबाइट जागा सर्वांच्या सामायिक साठ्यात जमा होते, म्हणजे पाच खात्यांची कंपनी १० टेराबाइट वापरू शकते. केवळ जागेसाठी अधिक खाती घेण्याची पाळी छोट्या विभागावर सहसा येत नाही. बीड किंवा जालन्याच्या वितरकाला दुकानाचे छायाचित्र पाठवण्यासाठी खाते देण्याची गरज नाही. ड्रॉपबॉक्स आणि व्यावसायिक वनड्राइव्ह यांत ‘फाइल मागवण्याची’ लिंक तयार करता येते, जिच्यातून खाते नसलेला माणूस फाइल टाकू शकतो, पण आतले काही पाहू शकत नाही. हजारो छायाचित्रे, अनेक भाषा आणि अनेक देश असा पसारा असलेल्या कंपन्या ‘डिजिटल ॲसेट मॅनेजमेंट’ प्रकारच्या प्रणाली घेतात, ज्यांत प्रत्येक फाइलीला उत्पादन, भाषा, परवान्याची मुदत आणि मंजुरी अशा खुणा जोडून त्यांवरून शोध घेता येतो. अशा प्रणाली महाग असतात, आणि फाइलींना नीट नावे देण्याची सवय ज्या विभागाला लागलेली नाही तेथे त्या आठ दिवसांत दुसरा अव्यवस्थित फोल्डर होऊन बसतात.

शेवटी राहतो बाहेर पडण्याचा प्रश्न, जो प्रवेश करतानाच विचारावा. साध्या फाइली कोणत्याही सेवेतून उतरवून घेता येतात, पण गुगल डॉक्ससारख्या ऑनलाइन दस्तऐवजांना संगणकावर फाइल म्हणून स्वतंत्र अस्तित्व नसते. ते बाहेर काढताना वर्ड किंवा पीडीएफमध्ये रूपांतरित होतात आणि त्यांतील टिपा व मागील आवृत्त्यांचा इतिहास पुरता बरोबर येत नाही. कॅनव्हा या ऑनलाइन डिझाइनच्या साधनात बनवलेल्या जाहिरातीची पीडीएफ उतरवता येते, पण तिची खरी ओपन फाइल कॅनव्हातच राहते, आणि ते खाते बाहेरच्या डिझायनरच्या नावावर असेल तर तीही त्याच्याकडेच. चाचणीच्या महिन्यात शंभर फाइली चढवून, त्या फोल्डरच्या रचनेसह परत उतरवून पाहाव्यात, आणि उतरवलेली कोरलची एक फाइल डिझायनरच्या नव्हे, तर छापखान्याच्या संगणकावर उघडून घ्यावी.